वाण लागतो तेव्हा

रोपवाटिकेत गुलाबाचे कलम घ्यायला आलेले गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारते: रंग कोणता, आणि वाण कोणता? जुन्या मराठीत यातल्या एकाच प्रश्नावर काम भागले असते, कारण वाण म्हणजेच रंग. संस्कृत ‘वर्ण’, प्राकृत ‘वण्ण’, मराठी ‘वाण’. कर्णाचा कान आणि पर्णाचे पान ज्या वाटेने झाले तीच ही वाट. फक्त कान-पानांत ‘ण’चा ‘न’ झाला आणि वाणात तो ठाण मांडून बसला. वऱ्हाडात मात्र तिथेही ‘वान’च ऐकू येते. शिवाय मराठीत वाण तिन्ही लिंगांत नांदतो, आणि तिन्ही वाण वेगवेगळे. संक्रांतीला सुवासिनींना देतात ते वाण. ‘त्या घरात कशाची वाण नाही’ म्हणतो तेव्हाची, टंचाईची, ती वाण. आणि माणसाच्या कांतीचा, बैलाच्या कातडीचा, ज्वारीच्या बियाण्याचा तो वाण. आपले काम आहे ते या पुल्लिंगी वाणाशी.

रंगाचा हा शब्द प्रकाराला कसा चिकटला, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. दोन ज्वाऱ्यांतला, दोन भातांतला फरक डोळ्याला आधी दिसतो तो रंगाचा. सावळ्या वाणाची, गव्हाळ वाणाची म्हणता म्हणता लाल वाणाचा भात आला आणि पुढे ‘लाल’ गळून नुसता भाताचा वाण उरला. आज कृषी विद्यापीठे ‘सुधारित वाण’ प्रसारित करतात तेव्हा रंगाची आठवणही कुणाला होत नाही. फुलांच्या बाबतीत मात्र शब्द पुन्हा आपल्या जुन्या अर्थापाशी येतो. आपल्याकडे वाणांना संरक्षण देणारा कायदा २००१ साली झाला. त्याखाली गुलाबाचा नवा वाण नोंदवायचा तर पाकळीचा रंग नुसता ‘लाल’ किंवा ‘केशरी’ लिहून चालत नाही. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगपट्ट्या पाकळीला लावून बघायच्या आणि जुळेल त्या पट्टीचा क्रमांक लिहायचा.

वाणाचा जुना अर्थ एका म्हणीत अजून शाबूत आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा बैल. पवळ्या पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. म्हण वापरताना सगळा भर दुसऱ्या अर्ध्यावर असतो, आणि लागलेला गुणही बहुधा वाईटच असतो. मला पहिला अर्धा जास्त मोलाचा वाटतो. शेजारी बांधल्याने रंग लागत नाही, हे म्हण रचणाऱ्याने सिद्ध करण्याची गरजच न पडावी इतके गृहीत धरले आहे. रंग वंशातून येतो, खोडी संगतीतून. आनुवंशिकता आणि परिसर यांची इतकी सुटसुटीत फोड पाठ्यपुस्तकातही सापडायची नाही.

गुलाबावर डोळा भरणाऱ्या माळ्याच्या हाताखाली ही म्हण रोज खरी ठरते. रानगुलाबाचा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चीर द्यायची, चाकूच्या मुठीने साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची, हव्या त्या गुलाबाचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा, डोळा तेवढा उघडा ठेवून. पुढे आयुष्यभर त्या डोळ्याला पाणी मिळते ते खुंटाच्या मुळांचे. पण फूल येते ते डोळ्याच्या वाणाचे. दोन-तीन वर्षांनी तक्रार येते: लाल गुलाब होता, आता झुबक्याने बारीक पांढरी फुले येतात, झाडाने रंग बदलला. झाडाने काही बदललेले नसते. जोडाच्या खालून खुंटाचा फुटवा जोमाने वर आलेला असतो आणि त्याच्या सावलीत वरचा गुलाब मेलेला असतो. पवळ्या दगावला, ढवळ्या उरला, एवढाच त्याचा अर्थ.

वाण बदलायचा तर शेजार पुरत नाही, संकर लागतो. या शब्दाचे नशीब तर विलक्षण आहे. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला ज्या गोष्टींची धास्ती वाटते त्यांत ‘वर्णसंकर’ आहे. म्हणजे शब्द समाजात वावरत होता तो दूषण म्हणून. आज बियाण्याच्या पाकिटावर ‘संकरित’ ठळक अक्षरांत छापतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात. युरोपातही फार वेगळे घडले नाही. हायब्रिड हा शब्द ज्या लॅटिन शब्दातून आला तो पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलासाठी होता. दोन्हीकडे शिवीचा वाण बागेत येऊन बदलला. आणि फुलांची पैदास करणारा माणूस जे करतो ते शब्दशः वर्णसंकरच असते: एका रंगाचे पराग दुसऱ्या रंगाच्या फुलावर.

आनुवंशिकी या शास्त्राचा जन्म वाटाण्याच्या वाफ्यात झाला असे आपण शिकतो. पण मेंडेलने १८६६ साली छापलेल्या आपल्या निबंधाची सुरुवात वाटाण्यापासून केलेली नाही. शोभेच्या झाडांत नवे रंग मिळवण्यासाठी जे कृत्रिम परागीभवन करतात, त्या अनुभवातून हे प्रयोग सुचले, असे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकले आहे. चाळीस वर्षांनी, १९०६ मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसनने या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव जाहीरपणे सुचवले, तेही कुठल्या विद्यापीठात नव्हे, तर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने भरवलेल्या परिषदेत. परिषद बोलावली होती संकरावर. अहवाल छापला तेव्हा मुखपृष्ठावर नवे नाव आले. बागवाल्यांच्या मांडवात बारसे झालेले हे शास्त्र आहे.

मराठी परिभाषा करणाऱ्यांनी पुढे ‘जीन’साठी ‘जनुक’ केला आणि तो छान जमला. डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेनने १९०९ मध्ये जो शब्द घडवला त्याच्या मागे ग्रीक ‘जेनोस’ आहे, आणि ‘जेनोस’ व आपला ‘जन’ एकाच मुळाच्या फांद्या. परका शब्द कानालाही जुळला आणि कुळालाही. ‘क्रोमोसोम’चे मात्र दोन मराठी अवतार आहेत. ग्रीकमध्ये ‘क्रोमा’ म्हणजे रंग आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर. सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे रंजकद्रव्य पटकन शोषून घेतात म्हणून वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हे नाव दिले. काहींनी त्याचे ‘रंगसूत्र’ केले. मराठीत टिकले ते ‘गुणसूत्र’. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे धागाही होतो, तेव्हा गुणसूत्र म्हणजे धाग्याचा धागा असे कुणी हिणवू शकेल. हिणवू दे. म्हणीतला वाण आणि गुण दोघेही एकाच वस्तूच्या नावात येऊन बसले, हे मला आवडते.

बेटसनचा लाडका प्रयोग स्वीट पीचा. सिसिली बेटातला हा सुवासिक, जांभळ्या फुलांचा वेल १६९९ च्या सुमारास इंग्लंडात पोचला आणि दोनशे वर्षांत त्याचे ढीगभर रंग निघाले. बेटसन आणि त्याचा सहकारी पनेट यांनी दोन पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला. पोटी आलेले सगळे वेल जांभळे, थेट सिसिलीच्या आजोबांवर गेलेले. पुढच्या पिढीत नऊ जांभळ्यांना सात पांढरे असे प्रमाण पडले. याचा उलगडा असा: पाकळीतले रंगद्रव्य एका दमात तयार होत नाही. पायरीपायरीने होते, प्रत्येक पायरीला एक विकर (एन्झाइम) लागते आणि प्रत्येक विकराच्या मागे एक जनुक असते. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग करून घागरी हातोहात पोचवाव्यात, तसे. रांगेतला एक जरी गैरहजर असला तरी घरात पाणी नाही. एका पांढऱ्या फुलात रांगेतला एक गैरहजर होता, दुसऱ्यात भलताच कुणीतरी. संकरात दोघांची उणीव दोघांनी भरून काढली.

म्हणजे शब्दकोशात पांढरा एक असला तरी बागेत पांढरे अनेक आहेत. पांढऱ्या शेवंतीची गोष्ट तर अगदी निराळी. तिथे पिवळे रंगद्रव्य तयार होते आणि एक विकर ते लगेच तोडून टाकते. हे तोडणारे जनुक निकामी झाले की पांढरी शेवंती पिवळी होते. तिच्या लेखी पांढरेपण म्हणजे रंगाचा अभाव नाही, पुसलेला रंग आहे. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले.

आता रंगांच्या नावांकडे वळू. मराठीत तांबडा तांब्यावरून आला. पण नाजूक छटांची वेळ आली की भाषा झाडाकडेच हात पसरते. जांभळा, नारिंगी, केशरी, अबोली, गुलबक्षी, गुलाबी. शेवटचा शब्द तर रंगाच्या नावाखाली पाणी विकणारा आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे गुलाबाचे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे गुलाबदाणीतले गुलाबपाणी. आपल्याकडे फुलाने पाण्याचे नाव घेतले आणि पाण्याला ‘गुलाबपाणी’ असे दुहेरी नाव पडले. या ‘गुल’चे जुने इराणी रूप ‘वर्द’सारखे होते; त्यातूनच अरबी ‘वर्द’ आणि बहुधा ग्रीक ‘ऱ्होडोन’, लॅटिन ‘रोझा’ निघाले. लॅटिनमधला तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात आला, आणि तिथे कोंकणीत ‘रोजां’ म्हणजे चक्क झेंडूची फुले. दसऱ्याला गोव्याच्या बाजारात रोजां मागितली तर गुलाब मिळणार नाहीत.

इराणचे ऋण गुलाबावर नावापुरतेच नाही. युरोपातल्या बागांतल्या संकरित गुलाबांत खरा गडद पिवळा नव्हता. होते ते फिके, मलईच्या रंगाचे. १८३७ मध्ये इराणातून तिथला दुहेरी पिवळा गुलाब इंग्लंडात आणला गेला. ज्या जातीतला तो, तिचे लॅटिन नाव ‘फेटिडा’, अर्थ दुर्गंधी, आणि वास तसाच. लियोंच्या पेर्ने-द्युशे या पैदासकाराने तो वाण आपल्या गुलाबांत आणण्यासाठी वर्षानुवर्षे संकर केले आणि १९०० साली ‘सोलेई दॉर’ बाजारात आणला. आजचे बहुतेक पिवळे, नारिंगी, जर्दाळू छटांचे गुलाब त्याच घराण्यातले. वाणाबरोबर गुणही आला. पानांवर काळे ठिपके पडून ती गळण्याचा जो रोग पिवळ्या गुलाबांना हटकून छळतो, त्याची खोड याच इराणी पूर्वजाकडून आली असे मानतात.

माझा जीव मात्र गुलबक्षीवर. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी, कुणी न लावता उगवणारे हे झाड. दुपार कलली की फुले उमलतात, सकाळी कोमेजतात, आणि मागे मिऱ्यासारखी काळी, सुरकुतलेली बी ठेवून जातात. मूळ अमेरिकेतले. लिनियसने नाव दिले ‘मिराबिलिस जलापा’: पहिला शब्द ‘नवलाचे’ या अर्थाचा, दुसरा मेक्सिकोतल्या हलापा गावाचा. इंग्रजांनी त्याला पेरूचे नवल म्हटले, फारसी-उर्दूने ‘गुल-ए-अब्बास’. त्याचे मराठीत ‘गुलबास’ झाले ते सरळच. पण ‘गुलबक्षी’तला ‘क्ष’ कुठल्याही अब्बासने आणलेला नाही. ‘बक्षी’ हा ओळखीचा शब्द तोंडात होता, त्याने आपली जागा करून घेतली असावी. आणि मग मराठीने त्यावरून रंग केला. गुलबक्षी पातळ म्हटले की नेमकी छटा डोळ्यांपुढे येते: गुलाबीहून भडक, जांभळ्याहून उजळ, किंचित डोळ्यांत खुपणारी.

या उकिरड्यावरच्या झाडाने आनुवंशिकीत दोनदा नाव काढले. १९०० साली मेंडेलचे नियम ज्यांनी पुन्हा शोधले त्या तिघांतला एक कार्ल कोरेन्स. त्याने लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला आणि पोटी गुलाबी फुले आली. वाटाण्यात एक गुण दुसऱ्यावर कुरघोडी करतो, इथे दोघांनी मधला मार्ग काढला. पुढच्या पिढीत लाल एक, गुलाबी दोन, पांढरे एक, म्हणजे आईबापांचे रंग कुठे विरघळले नव्हते. बारावीच्या जीवशास्त्रात ‘अपूर्ण प्रभाविता’ याच फुलाच्या दाखल्याने शिकवतात. १९०९ मध्ये कोरेन्सने पानांवर हिरवे-पांढरे चट्टे असलेली गुलबक्षी घेतली आणि दाखवले की पानांचा हा वाण फक्त आईकडून उतरतो, बापाचे तिथे काही चालत नाही. मेंडेलच्या नियमांत न बसणाऱ्या पहिल्या नोंदींपैकी एक झाली तीही याच झाडावर.

रसायनाच्या बाजूने पाहिले तर गुलबक्षीचा रंग गुलाबाच्या घरचा नाहीच. गुलाब, तेरडा, गोकर्ण, जास्वंद यांचे लाल-जांभळे-निळे रंग अँथोसायनिन या कुटुंबातले. गुलबक्षीत असते ते बीटालेन. हे नाव बीटवरून आले, कारण बीट कापल्यावर बोटांना लागतो तोच हा रंग. बीट, राजगिरा, कोंबड्याचे फूल, निवडुंगाचे बोंड, ड्रॅगन फ्रूट ही सगळी या बिरादरीतली. निसर्गात दोन्ही द्रव्ये एकाच झाडात कधी सापडलेली नाहीत. ज्याच्या घरी बीटालेन त्याच्याकडे अँथोसायनिनला मज्जाव. बोगनवेल ही गुलबक्षीच्याच कुळातली, तिचाही रंग बीटालेनचा. मराठी माणूस बोगनवेलीच्या त्या झगझगीत छटेला ‘गुलबक्षी’ म्हणतो तेव्हा त्याने न शिकता केलेले रसायनशास्त्रीय वर्गीकरण अचूक असते. बोगनवेलीचे नावही पाहा. बोगनव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी. त्याच्या जहाजावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झाड ब्राझीलमध्ये मिळाले. फ्रेंचमध्ये ‘व्हील’ म्हणजे गाव. मराठी कानाने त्यात वेल ऐकली, आणि झाड वेलीसारखे चढतेही! लोकव्युत्पत्तीला इतका चोख योगायोग क्वचित लाभतो.

रसायनशास्त्रज्ञांनी तरी नावे कुठून आणली? बागेतूनच. १८३५ मध्ये मार्क्वार्ट या जर्मनाने ग्रीक ‘अँथोस’ म्हणजे फूल आणि ‘क्युआनोस’ म्हणजे गडद निळा हे दोन शब्द जोडून ‘अँथोसायनिन’ केला. पुढे या कुटुंबातली द्रव्ये वेगळी काढली तशी ज्या फुलात जे सापडले त्या फुलाचे नाव त्याला मिळाले: पेलार्गोनियमवरून पेलार्गोनिडिन, डेल्फिनियमवरून डेल्फिनिडिन, पेटुनियावरून पेटुनिडिन. निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून काढले ते सायनिडिन, आणि इथे नाव फसले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटरला लाल गुलाबातही तेच सापडले. निळाईचे नाव धारण करणारे द्रव्य गुलाबाला लाल करत होते! पेशीतला रस आंबट असला की लाल, नसला की निळा, असा त्याने निष्कर्ष काढला. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी १९१५ चे नोबेल त्याला मिळाले. हा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. कॉर्नफ्लॉवरच्या निळाईत लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सोबतचे बिनरंगी रेणू यांची गुंतागुंतीची बांधणी असते, हे २००५ मध्ये स्फटिकाच्या रचनेवरून दिसले. नावाने फसवणे जुनेच आहे म्हणा. ‘क्युआनोस’मध्ये काळसर छटाही होती, आणि आपला ‘नील’ही काही स्वच्छ आभाळी नव्हे, नाहीतर ‘निळासावळा’ हा शब्द आपल्याला सुचला नसता.

खरी निळाई बहुतेक फुलांत डेल्फिनिडिनमुळे येते. पेलार्गोनिडिन, सायनिडिन, डेल्फिनिडिन या तिघांत फरक एवढाच की रेणूच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी अनुक्रमे एक, दोन, तीन ठिकाणी असते. जोड्या वाढल्या की रंग शेंदरीकडून किरमिजीकडे आणि तिथून निळ्याकडे सरकतो. तिसरी जोडी लावणारे विकर गुलाबाकडे नाही, शेवंतीकडे नाही, कार्नेशनकडेही नाही. त्यामुळे कितीही संकर करा, घरात नसलेली वस्तू वाटणीत येणार कुठून? संस्कृतात अशक्य गोष्टीला ‘खपुष्प’, आकाशातले फूल म्हणत; पाश्चात्त्य बागायतदारांनी त्याच अर्थाने ‘निळा गुलाब’ वापरला. दरम्यान नावांनी वेळ मारून नेली. १९६४ चा जर्मन गुलाब ‘ब्लू मून’ आपल्याकडच्या रोपवाटिकांतही निळा म्हणून खपला. त्याचा रंग पाहिला तर जांभळाची साल चुरगळून दुधात टाकावी तसा.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीन कंपनीने पेटुनियाचे जनुक घालून ‘मूनडस्ट’ हे जांभळट कार्नेशन विक्रीला आणले. जपानच्या सनटोरीने फ्लोरिजीनच्या मदतीने पॅन्सीचे जनुक गुलाबात घातले. २००९ मध्ये ‘अप्लॉज’ नावाने तो गुलाब जपानी बाजारात आला. पाकळीत डेल्फिनिडिन भरपूर, यात वाद नाही. पण रंग? कंपनी निळा म्हणते. मराठी बाई साडीच्या दुकानात या छटेला निळी म्हणणार नाही, फिकट जांभळी म्हणेल, आणि तिचेच बरोबर आहे. गुलाबाच्या पाकळीतला रस आंबट. नुसता रेणू बदलून तिथे निळा उतरत नाही.

निळे जमले ते शेवंतीत, आणि तेही आपल्या कुंपणावरच्या गोकर्णीच्या मदतीने. गाईच्या कानासारखे फूल म्हणून गोकर्ण. लिनियसला त्यात दुसराच अवयव दिसला आणि तेच लॅटिन नाव झाले, ते इथे लिहायला नको. २०१७ मध्ये जपानच्या नारो या संशोधन संस्थेने आणि सनटोरीने मिळून दोन जनुके शेवंतीत घातली. एक कँटरबरी बेल्स या घंटेसारख्या फुलाचे, तिसरी जोडी लावणारे. दुसरे गोकर्णीचे, जे डेल्फिनिडिनच्या त्याच कड्यावर दोन बाजूंना साखर चढवते. गोकर्णीची एक फिकट जांभळी जातही असते. तिच्यात नेमकी हीच साखर चढत नाही. साखर चढलेला रेणू शेवंतीत आधीपासून असलेल्या बिनरंगी फ्लॅव्होनच्या संगतीत आला आणि फूल निळे झाले. धातू लागला नाही, आंबटपणा बदलावा लागला नाही. संगतीने गुण लागतो, वाण लागत नाही, असे ज्या म्हणीला वाटत होते तिला इथे दुहेरी धक्का आहे: परक्या कुळाचा वाणही लागला, आणि तो उठून दिसला तो शेजारच्या रेणूच्या संगतीने. ‘क्रिसँथेमम’चा ग्रीक अर्थ सोनफूल. निळे सोनफूल, असे आता म्हणावे लागते.

परक्या जनुकाने फुलाचा रंग बदलण्याचा हा खेळ सुरू झाला पेटुनियापासून. पेटुनियाचे नाव ब्राझीलच्या तुपी लोकांच्या तंबाखूवाचक शब्दातून फ्रेंचमार्गे आले, आणि झाड खरोखरच तंबाखूच्या कुळातले. रंग पांढरा, गुलाबी, लाल, जांभळा. नारिंगी नाही, कारण त्याचे एक विकर पेलार्गोनिडिनच्या कच्च्या मालाला हात लावत नाही. १९८७ मध्ये कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत मक्याचे एक जनुक पेटुनियात घातले आणि विटकरी-शेंदरी फूल मिळाले. १९९० मध्ये तीसेक हजार रोपे उघड्या शेतात लावली, तर उन्हाळा पुढे सरकला तसा पुष्कळ झाडांचा रंग उतरत गेला. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण तिथे कुणाला ठाऊक असती तर अहवालाला मथळा मिळाला असता. जनुक जागेवर होते, झाडाने त्याची वाचा बंद केली होती. त्याच वर्षी अमेरिकेत दुसऱ्या एका गटाने पेटुनियाचा जांभळा आणखी गडद करण्यासाठी रंगाचे एक जनुक जादा घातले, आणि काही फुले पांढरीफेक झाली, काही पट्ट्यापट्ट्यांची. जादा आवाजाने मूळचाही आवाज बंद पडला होता. हा प्रकार काय, याचा पत्ता पुढे १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीवरच्या प्रयोगांतून लागला आणि ते करणाऱ्या फायर व मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले. पेटुनियाला अर्थातच कुणी स्टॉकहोमला बोलावले नाही.

कोलोनच्या शेंदरी पेटुनियाचा विसर पडला होता. २०१५ मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाजवळच्या कुंडीत वनस्पतिशास्त्रज्ञ तेमू तेरी यांना नारिंगी पेटुनिया दिसला. असा रंग या झाडाला स्वतःहून येत नाही, हे ठाऊक असलेला माणूस नेमका तिथून चालला होता. तपासणीत मक्याचे जनुक सापडले. परवानगीशिवाय जनुकबदल केलेली झाडे म्हणून २०१७ मध्ये फिनलंडने ती बाजारातून काढायला लावली, मग युरोपातले इतर देश आणि अमेरिकाही त्याच मार्गाने गेले. कितीतरी रोपे नष्ट झाली. ती वाढवणाऱ्यांना त्यांच्या वंशाचा पत्ताही नव्हता. चांगला रंग दिसला, संकर केला, नवा वाण काढला, शेकडो वर्षे करत आलेत तसेच. अमेरिकेने २०२१ मध्ये तिथल्या लागवडीची आडकाठी उठवली. मागे घेतलेल्या वाणांत एक २०१४ साली अमेरिकेत बक्षीस मिळवलेलाही होता. झाड दक्षिण अमेरिकेचे, जनुक मक्याचे, प्रयोग जर्मनीचा, पकडले गेले त्याचे भाऊबंद फिनलंडात, आणि पाकिटावरचे नाव होते ‘आफ्रिकन सनसेट’.